फेकिक भिंगरोपण आणि पारपटलाचे आरोग्य

फेकिक भिंगरोपण ही दृष्टिदोष दूर करण्यासाठी केली जाणारी नेत्रशस्त्रक्रिया आहे. तीत डोळ्यातील नैसर्गिक भिंग न काढता त्याच्या पुढे एक पातळ कृत्रिम भिंग बसवले जाते. ज्यांच्या चष्म्याचा नंबर फार मोठा आहे किंवा ज्यांचे पारपटल लेसर उपचारासाठी पुरेसे जाड नाही, अशा तरुण व्यक्तींवर ती प्रामुख्याने केली जाते. दृष्टी सहसा एक-दोन दिवसांतच सुधारते. परंतु नव्या भिंगाचा पारपटलावर, म्हणजेच कॉर्नियावर, होणारा परिणाम कळण्यास अनेक वर्षे जावी लागतात.

या परिणामाचे केंद्र पारपटलाचा सर्वांत आतला थर हे आहे. या थराला अंतःस्तर किंवा एंडोथेलियम म्हणतात. त्याच्या पेशी पारपटल पारदर्शक ठेवतात. मात्र मानवी डोळ्यात त्या नष्ट झाल्यास त्यांच्या जागी नव्या पेशी तयार होत नाहीत. विशी-तिशीत बसवलेले भिंग पुढे अनेक दशके डोळ्यात राहू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे, भिंग व पारपटल यांमधील अंतर आणि शस्त्रक्रियेनंतरची नियमित तपासणी या तीन बाबींवर पारपटलाचे दीर्घकालीन आरोग्य अवलंबून असते.

## पारपटल आणि त्याचा अंतःस्तर

पारपटल हा डोळ्याच्या पुढील भागातील पारदर्शक, घुमटाकार पडदा आहे. मध्यभागी त्याची जाडी साधारण ०.५४ मिलिमीटर असते. परंपरेने त्याचे पाच थर मानले जातात: बाहेरील अभिस्तर, बोमन स्तर, जाड मध्यस्तर अथवा स्ट्रोमा, डेसमे पटल आणि सर्वांत आतील अंतःस्तर. एकूण जाडीचा सुमारे नऊ दशांश भाग स्ट्रोमाने व्यापलेला असतो. त्यातील कोलॅजन तंतू ठरावीक अंतराने व नियमित रचनेत मांडलेले असल्यामुळे प्रकाश न विखुरता आरपार जातो. स्ट्रोमात जादा पाणी शिरल्यास ही रचना विस्कटते, पारपटल सुजते आणि धूसर दिसू लागते.

अंतःस्तर हा एकाच पेशीइतक्या जाडीचा थर आहे. त्यातील बहुतेक पेशी षट्कोनी असून त्या मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात. डोळ्याच्या पुढील कप्प्यात नेत्रजल नावाचा द्रव असतो. पारपटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याला पोषण मुख्यतः या द्रवातून मिळते. नेत्रजल पेशींच्या सांध्यांमधून स्ट्रोमात सतत झिरपत असते आणि अंतःस्तरातील पेशी तितकेच पाणी परत बाहेर टाकत असतात. या कार्यात सोडियम-पोटॅशियम पंपाचा मोठा वाटा असतो. झिरपणे आणि उपसणे यांचा तोल टिकून असेपर्यंत पारपटल पारदर्शक राहते.

### पेशीघनता आणि राखीव क्षमता

अंतःस्तराची स्थिती प्रामुख्याने पेशीघनतेवरून ठरवतात. एक चौरस मिलिमीटर क्षेत्रात असलेल्या पेशींची संख्या म्हणजे पेशीघनता. लहान मुलांमध्ये ती ३५०० ते ४००० किंवा त्याहून अधिक असते, तर तरुण प्रौढांमध्ये ती साधारण २५०० ते ३००० इतकी आढळते. वयानुसार ती आपोआपच कमी होत जाते. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात निरोगी डोळ्यांमधील ही घट वर्षाला सरासरी ०.६ टक्के असल्याचे आढळले. फेकिक भिंगांच्या अभ्यासात याच आकड्याशी तुलना करण्याची पद्धत आहे.

एखादी पेशी नष्ट झाली की शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा व्यापतात. त्यामुळे उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या व असमान होतात आणि त्यांचा षट्कोनी आकार बिघडतो. मात्र पंपाचे कार्य बराच काळ पुरेसे चालू राहते. घनता साधारण ४०० ते ७०० पर्यंत उतरल्यावर ही राखीव क्षमता संपते आणि पारपटलाला कायमची सूज येऊ लागते. म्हणजे निम्म्या पेशी गमावल्यानंतरही दृष्टी उत्तम असू शकते. चांगली दृष्टी हा अंतःस्तर निरोगी असल्याचा पुरावा मानता येत नाही, तो याच कारणाने.

## फेकिक भिंगांचे प्रकार

ज्या डोळ्यात नैसर्गिक भिंग शाबूत आहे त्याला वैद्यकीय परिभाषेत ‘फेकिक’ म्हणतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. फेकिक भिंगरोपणात नैसर्गिक भिंग तसेच राहते आणि त्यामुळे तरुण वयातील जवळचे पाहण्याची समायोजनशक्तीही टिकते. भिंग डोळ्यात कोठे बसवले जाते यावरून त्याचे तीन प्रकार पडतात.

* कोनाधारित भिंग: हे पुढील कप्प्यात, परितारिकेच्या पुढे असते. त्याचे पाय पारपटल व परितारिका यांच्यातील कोनात टेकलेले असतात.
* परितारिकाबद्ध भिंग: हेही पुढील कप्प्यातच असते. खेकड्याच्या नांगीसारख्या दोन पकडींनी ते परितारिकेच्या ऊतीला अडकवलेले असते. ‘आर्टिसन’ हे कडक आणि ‘आर्टिफ्लेक्स’ हे घडी करता येणारे भिंग या प्रकारात मोडते.
* पश्च कप्प्यातील भिंग: हे परितारिकेच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे असलेल्या अरुंद जागेत बसवतात. कोलामर या कोलॅजनयुक्त पदार्थापासून बनवलेले ‘आयसीएल’ हे यांतील सर्वाधिक परिचित भिंग होय.

पारपटलाच्या दृष्टीने या तिन्हींतील मुख्य फरक अंतराचा आहे. पहिली दोन्ही भिंगे अंतःस्तर आणि परितारिका यांच्यामधील जागेत असतात. तिसरे परितारिकेच्या मागे असल्याने अंतःस्तरापासून अधिक दूर राहते; मात्र ते नैसर्गिक भिंगाच्या अगदी जवळ असते.

लेसरने केल्या जाणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत स्ट्रोमाचा काही भाग कमी करून पारपटलाची वक्रता बदलतात. फेकिक भिंगरोपणात स्ट्रोमा जवळजवळ अबाधित राहतो आणि आवश्यकता भासल्यास भिंग काढताही येते. भिंग काढल्यावर चष्म्याचा नंबर बव्हंशी पूर्ववत होतो. परंतु दरम्यान नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत.

## इतिहास

हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही कल्पना निकटदृष्टितेवरील उपचारासाठी वापरली गेली. इटलीतील बेनेदेत्तो स्त्राम्पेल्ली यांनी १९५३ साली नैसर्गिक भिंग शाबूत असलेल्या डोळ्यांत पुढील कप्प्यातील भिंगे बसवण्यास प्रारंभ केला. बार्सिलोना येथील होआकिन बाराकेर यांनी १९५० च्या दशकात अशी भिंगे मोठ्या संख्येने बसवली. सुरुवातीचे परिणाम चांगले दिसत होते; परंतु पुढील काही वर्षांत पारपटलाची सूज, दाह आणि डोळ्यातील वाढलेला दाब यांमुळे त्यांतील निम्म्याहून अधिक भिंगे काढावी लागली. भिंगांच्या कडा खडबडीत होत्या, मापे अचूक नव्हती आणि जिवंत डोळ्यातील अंतःस्तर पाहण्याचे साधनच उपलब्ध नव्हते. परिणामी ही पद्धत जवळजवळ तीन दशके मागे पडली.

दरम्यान डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ साली स्पेक्युलर सूक्ष्मदर्शकाचे तत्त्व मांडले. १९७० च्या दशकात त्याचे रूपांतर रुग्णांवर वापरता येईल अशा उपकरणात झाले आणि डोळ्याला इजा न करता पेशी मोजणे शक्य झाले. याच काळात शस्त्रक्रियेची सूक्ष्म साधनेही सुधारली आणि पेशींना संरक्षण देणारे दाट जेल उपलब्ध झाले.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिन्ही प्रकारांना नव्याने चालना मिळाली. फ्रान्समधील जॉर्ज बाइकॉफ यांनी कोनाधारित भिंग विकसित केले. नेदरलँड्समधील यान वोर्स्ट यांच्या नांगीसारख्या भिंगाचा निकटदृष्टितेसाठी वापर जर्मनीतील पाउल फेखनर यांच्यासह १९८६ साली सुरू झाला. त्याच वर्षी मॉस्कोतील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी पश्च कप्प्यात बसणारे सिलिकोनचे भिंग वापरले.

या भिंगांच्या रचनेत पुढे झालेल्या बदलांपैकी बरेचसे पारपटलाशी निगडित होते. बाइकॉफ यांच्या पहिल्या भिंगाची कड अंतःस्तराच्या फार जवळ येत असल्याने पेशी झपाट्याने कमी होत असल्याचे आढळले. म्हणून पुढील आवृत्तीत भिंगाची उंची कमी करण्यात आली. वोर्स्ट व फेखनर यांचे मूळ भिंग दोन्ही बाजूंनी अंतर्वक्र होते व त्याची कड जाड होती. १९९१ साली त्याचा आकार बहिर्वक्र-अंतर्वक्र करून पारपटलापासूनचे अंतर वाढवण्यात आले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली परितारिकाबद्ध भिंगाला आणि २००५ साली पश्च कप्प्यातील आयसीएलला मान्यता दिली. ‘ॲक्रिसॉफ कॅशे’ हे घडी करता येणारे कोनाधारित भिंग युरोपात वापरात आले होते. परंतु काही रुग्णांमध्ये पेशींची चिंताजनक घट आढळल्यानंतर ते बाजारातून मागे घेण्यात आले. त्यामुळे कोनाधारित प्रकार आज व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मध्यभागी ०.३६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असलेल्या आयसीएलच्या नव्या आवृत्तीला अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. इतर अनेक देशांत ती त्यापूर्वीपासूनच वापरात होती.

## पेशी कमी होण्याची कारणे

### शस्त्रक्रियेच्या वेळची हानी

डोळ्यात छेद घेणे, उपकरणे आत-बाहेर करणे, द्रवाचा प्रवाह आणि भिंगाचा पारपटलाला होणारा क्षणिक स्पर्श यांमुळे काही पेशी शस्त्रक्रियेतच नष्ट होतात. त्यानंतरचे काही महिने उरलेल्या पेशी पसरून नवी मांडणी घेत असतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतील घट वेगळी मोजून त्यापुढील घट ‘दीर्घकालीन’ म्हणून नोंदवण्याची पद्धत बऱ्याच अभ्यासांत दिसते. पहिली हानी एकदाच होते आणि शल्यविशारदाचे कौशल्य व संरक्षक जेल यांनी ती मर्यादित ठेवता येते. दुसरी मात्र भिंग डोळ्यात असेपर्यंत चालू राहू शकते.

### भिंग व अंतःस्तर यांमधील अंतर

दीर्घकालीन घटीचा सर्वांत स्पष्ट संबंध भिंगाच्या कडेपासून अंतःस्तरापर्यंतच्या अंतराशी आढळला आहे. पारपटल घुमटाकार असल्यामुळे मध्यभागी पुरेशी जागा असली तरी भिंगाच्या कडेपाशी ती कमी असते. पुढील कप्प्यातील भिंगांसाठी कडेपाशी किमान १.५ मिलिमीटर अंतर असावे, असे सामान्यतः मानले जाते. अंतर जितके कमी, तितकी वार्षिक घट अधिक असते.

हे अंतर आयुष्यभर स्थिर राहत नाही. नैसर्गिक भिंग वयानुसार जाड होत जाते आणि त्याचा पुढील पृष्ठभाग वर्षाला साधारण २० मायक्रोमीटर पुढे सरकतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. या हिशोबाने वीस वर्षांत सुमारे ०.४ मिलिमीटर जागा कमी होते. परितारिका आणि तिला अडकवलेले भिंग त्याबरोबर पुढे ढकलले जाते. शस्त्रक्रियेच्या दिवशी पुरेसे असलेले अंतर पन्नाशीत अपुरे ठरू शकते ते यामुळेच.

### डोळे चोळणे

डोळा जोराने चोळल्यास पारपटल आत दबते आणि पुढील कप्प्यातील भिंगाची कड अंतःस्तराला क्षणभर टेकू शकते. ॲलर्जीमुळे डोळ्यांना वारंवार खाज येणाऱ्या व्यक्तींमध्ये हा धोका अधिक असतो. म्हणून अशा रुग्णांमध्ये ॲलर्जीवरील उपचार हा पारपटलाच्या रक्षणाचाच भाग ठरतो. पालथे झोपून डोळ्यावर दाब येणेही टाळण्यास सांगितले जाते.

### दाह आणि नेत्रजलाचा बदललेला प्रवाह

परितारिकेची ऊती पकडून ठेवणारे किंवा तिच्यावर घासणारे भिंग सौम्य पण दीर्घकाळ चालणारा दाह निर्माण करू शकते. त्यातून मुक्त होणारी रसायने व रंगद्रव्याचे कण नेत्रजलात मिसळून अंतःस्तरापर्यंत पोहोचतात. भिंगामुळे नेत्रजलाच्या अभिसरणाची दिशाही बदलते. या घटकांचा स्वतंत्र वाटा किती, हा संशोधनाचा विषय आहे.

## प्रकारानुसार दीर्घकालीन निरीक्षणे

परितारिकाबद्ध भिंगांविषयी दीर्घ पाठपुराव्याची माहिती मुबलक आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अभ्यासात पेशीघनता दरवर्षी दर चौ.मि.मी. सुमारे ४८ पेशींनी कमी होत असल्याचे दिसून आले. दृष्टिवैषम्यही सुधारणाऱ्या टोरिक भिंगांमध्ये हा आकडा सुमारे ६१ होता. विशेष बाब अशी, की ही घट काही काळाने थांबली नाही. ती जवळजवळ सरळ रेषेत चालू राहिली. पुढील कप्प्याची कमी खोली आणि भिंगाच्या कडेपाशी कमी जागा असलेल्या डोळ्यांत ती अधिक होती.

पश्च कप्प्यातील भिंगांमध्ये घट तुलनेने कमी आढळते. आयसीएलच्या अमेरिकेतील मान्यतापूर्व चाचणीत तीन ते चार वर्षांत एकूण ८ ते १० टक्क्यांच्या आसपास पेशी कमी झाल्या. यात शस्त्रक्रियेच्या वेळची हानीही समाविष्ट होती. मध्यभागी छिद्र असलेल्या नव्या आवृत्तीत नेत्रजल थेट भिंगातून पुढे येते. त्यामुळे डोळ्यातील दाब वाढू नये म्हणून परितारिकेला वेगळे छिद्र पाडण्याची गरज उरत नाही आणि शस्त्रक्रियेतील एक टप्पा वाचतो.

पश्च कप्प्यातील भिंगाबाबत ‘कमान’ हे मोजमाप महत्त्वाचे असते. नव्या भिंगाचा मागील पृष्ठभाग आणि नैसर्गिक भिंगाचा पुढील पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे कमान. ती साधारण २५० ते ७५० मायक्रोमीटर असणे इष्ट मानतात. कमान फार कमी असल्यास नैसर्गिक भिंगाला स्पर्श होऊन मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. ती फार जास्त असल्यास परितारिका पुढे ढकलली जाऊन कोन अरुंद होतो, दाब वाढू शकतो आणि पारपटलाकडील जागाही कमी होते.

## आयुष्यभराचा हिशोब

वर्षाला एक-दोन टक्क्यांचा फरक अल्पकाळात क्षुल्लक वाटतो. दीर्घकाळात त्याचा परिणाम मोठा होतो. शस्त्रक्रियेनंतर पेशीघनता २८०० असलेल्या २५ वर्षांच्या व्यक्तीचे उदाहरण घेतल्यास निरनिराळ्या वार्षिक दरांनी उरणारी घनता गणिताने अशी येते:

| वार्षिक घट | १० वर्षांनी | २० वर्षांनी | ४० वर्षांनी |
|---|---|---|---|
| ०.६ टक्के | २६३६ | २४८२ | २२०१ |
| १.५ टक्के | २४०७ | २०७० | १५३० |
| ३ टक्के | २०६५ | १५२३ | ८२८ |

पहिल्या दहा वर्षांत तिन्ही डोळे रुग्णाला सारखेच निरोगी वाटतील. चाळीस वर्षांनंतर मात्र तिसरा डोळा धोक्याच्या सीमेजवळ असेल, आणि नेमके हेच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे वय असते. त्या शस्त्रक्रियेतही काही टक्के पेशी नष्ट होतात. अधिक निकटदृष्टिता असलेल्यांना मोतीबिंदू तुलनेने लवकर होण्याची शक्यता असल्याने पेशींचा काही साठा पुढील शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवावा लागतो. रुग्ण जितका तरुण, तितकी सुरुवातीची पेशीघनता अधिक असावी, हा निकष याच विचारातून आला आहे.

## अंतःस्तराची तपासणी

स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक अंतःस्तरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या साहाय्याने पेशींचे छायाचित्र घेतो. तपासणीत वेदना होत नाही आणि बहुतेक उपकरणांत डोळ्याला स्पर्शही करावा लागत नाही. अहवालात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात.

* पेशीघनता: दर चौरस मिलिमीटर पेशींची संख्या.
* आकारमानातील तफावत: पेशी लहान-मोठ्या किती आहेत याचे गुणोत्तर. ते ०.४० च्या वर गेल्यास अंतःस्तरावर ताण असल्याचे मानतात.
* षट्कोनी पेशींचे प्रमाण: निरोगी तरुण डोळ्यात ते साधारण ६० टक्के किंवा अधिक असते. ते ५० टक्क्यांखाली जाणे चिंतेचे लक्षण होय.

एका छायाचित्रात पारपटलाचा अगदी लहान भाग दिसतो. जागा थोडी बदलली किंवा मोजलेल्या पेशींची संख्या कमी असली तर आकड्यात काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून एकाच मापनावरून निष्कर्ष न काढता शक्यतो त्याच उपकरणाने, त्याच ठिकाणी घेतलेल्या अनेक वर्षांच्या नोंदींचा कल पाहतात. दीर्घकाळ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांमध्ये पेशींच्या आकारात आधीपासूनच असमानता असू शकते; शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद जपून ठेवण्याचे तेही एक कारण आहे.

भिंग आणि पारपटल यांतील अंतर मोजण्यासाठी पुढील भागाचे ओसीटी, शाइमफ्लुग छायाचित्रण किंवा उच्च वारंवारितेची सोनोग्राफी वापरली जाते.

## रुग्णनिवड

पारपटलाच्या रक्षणाचा सर्वांत प्रभावी टप्पा शस्त्रक्रियेपूर्वीचा असतो. निवड करताना सामान्यतः पुढील बाबी तपासतात.

* पुढील कप्प्याची खोली पुरेशी असणे. अमेरिकेत आयसीएलसाठी अंतःस्तरापासून मोजलेली खोली किमान ३ मिलिमीटर आणि आर्टिसन प्रकारासाठी किमान ३.२ मिलिमीटर असण्याची अट आहे.
* वयाच्या मानाने पुरेशी पेशीघनता असणे.
* चष्म्याचा नंबर स्थिर असणे. अमेरिकेतील आयसीएलची मान्यता २१ ते ४५ वर्षे या वयोगटासाठी आहे.
* फुक्सची अंतःस्तरीय विकृती नसणे. एर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली वर्णन केलेल्या या विकारात पेशी मुळातच वेगाने कमी होतात.
* डोळ्यात जुना दाह, काचबिंदू किंवा मोतीबिंदू नसणे.

यांपैकी एखादी अट पूर्ण होत नसल्यास चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स हाच सुरक्षित पर्याय ठरतो. शस्त्रक्रिया नाकारली जाणे हेही योग्य तपासणीचेच फलित असते.

## पाठपुरावा आणि भिंग काढण्याचा निर्णय

फेकिक भिंग असलेल्या व्यक्तीने वर्षातून एकदा अंतःस्तराची तपासणी करून घ्यावी, अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. व्यवहारात हाच दुवा बहुधा कच्चा राहतो. दृष्टी उत्तम असल्याने तरुण रुग्ण काही वर्षांनी तपासणीस येणे थांबवतो; शिक्षण वा नोकरीनिमित्त गाव बदलल्यावर जुन्या नोंदी हरवतात. भिंगाचा प्रकार, त्याची शक्ती व माप आणि शस्त्रक्रियेपूर्वीची पेशीघनता नोंदवलेले कार्ड रुग्णाने कायम जवळ ठेवावे असे सांगितले जाते, ते यासाठीच.

पेशीघनता १५०० च्या खाली जाणे किंवा मूळ संख्येच्या २५ ते ३० टक्क्यांहून अधिक घट होणे, ही भिंग काढण्याचा विचार करण्याची सीमा अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. निर्णय घेताना घटीचा वेग, रुग्णाचे वय आणि भिंगाचे अंतर यांचाही विचार होतो. मोतीबिंदू सुरू झालेला असल्यास एकाच शस्त्रक्रियेत फेकिक भिंग व मोतीबिंदू काढून नवे भिंग बसवता येते. भिंग काढल्यावर घट सहसा मंदावते. परंतु काही डोळ्यांत ती पुढेही चालू राहिल्याचे आढळले आहे. त्यामुळे पारपटलाला सूज येईपर्यंत वाट पाहणे योग्य मानले जात नाही.

## पारपटल निकामी झाल्यास

अंतःस्तराची क्षमता संपत आल्याचे पहिले लक्षण म्हणजे सकाळी उठल्यावर धूसर दिसणे व दुपारपर्यंत दृष्टी निवळणे. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पारपटलातील पाण्याचे बाष्पीभवन होत नाही. दिवसा ते होते आणि सूज ओसरते. दिव्यांभोवती वलये दिसणे हेही लक्षण आढळते. पुढे धूसरपणा दिवसभर टिकतो. अभिस्तराखाली पाण्याचे फोड येतात आणि ते फुटल्यावर तीव्र वेदना होतात.

या अवस्थेत पारपटलाचे रोपण हाच मुख्य उपाय असतो. पूर्ण जाडीचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली ओलोमोउत्स येथे केले. आता केवळ खराब झालेला आतील थर बदलणाऱ्या डीसेक व डीमेक या शस्त्रक्रिया प्रचलित आहेत. डीमेक ही पद्धत नेदरलँड्समधील गेरिट मेलेस यांनी विकसित केली. तीत केवळ डेसमे पटल व अंतःस्तर यांचे रोपण होते. त्यामुळे दृष्टी लवकर सुधारते आणि कलम नाकारले जाण्याचे प्रमाण कमी असते. तथापि रोपित अंतःस्तराच्या पेशीही कालांतराने कमी होतात. तरुण रुग्णाला आयुष्यात एकाहून अधिक वेळा रोपण करावे लागू शकते.

जपानमधील क्योतो येथे शिगेरू किनोशिता व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंतःस्तर पेशी रुग्णाच्या डोळ्यात टोचण्याची पद्धत विकसित केली. ११ रुग्णांवरील तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली जपानमध्ये या उपचाराला मान्यता मिळाली.

## भारतातील स्थिती

भारतात आयातीत भिंगांबरोबरच देशी बनावटीची पश्च कप्प्यातील भिंगेही वापरली जातात. गुजरातमध्ये तयार होणारे ‘आयपीसीएल’ हे ॲक्रिलिकचे भिंग त्यांपैकी एक होय. भारतीय डोळ्यांवरील २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी पेशीघनता दर चौ.मि.मी. सुमारे २५०० आढळली. इतर लोकसमूहांवर आधारलेले निकष भारतीय रुग्णांना लावताना अशा स्थानिक नोंदींचा आधार घेतला जातो.

देशात रोपणासाठी लागणारी पारपटले मरणोत्तर नेत्रदानातून मिळतात आणि मागणीच्या मानाने त्यांची उपलब्धता अपुरी आहे. अंतःस्तराच्या रोपणासाठी दात्याच्या ऊतीची पेशीघनता सामान्यतः २००० किंवा अधिक असावी लागते. अशा परिस्थितीत रोपणाची वेळ येऊ न देणारी नियमित तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

## हेही पाहा

* पारपटल
* निकटदृष्टिता
* लॅसिक
* मोतीबिंदू
* फुक्सची अंतःस्तरीय विकृती
* नेत्रदान